शुद्धिपत्र

आमच्या भागात पाणी पाच दिवसांनी येतं.
ज्या पहाटे नळ शिंकतो
त्या पहाटे सगळं घर घरात सापडतं.
म्हणून पाण्याचं वेळापत्रक बघून निघतो आम्ही,
तस्लीम, इरण्णा आणि मी.
एक पिशवी, दोन पेनं, यादी भाग एकशे बारा.

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी.
लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे अहवाल,
दहाव्याची कार्डं.
मतदार यादी हातात पडली तेव्हा
लाल पेनाचं टोपण आपोआप निघालं.

येमूलचा येमुला. गुंटूकचा गुंडूक.
बालमणी, वय बासष्ट, लिंग पुरुष.
सुपातल्या विड्यांवरून मान वर न करता
ती आधी तेलुगूत हसली, मग मराठीत म्हणाली,
"तरीच घर माझ्या मजुरीवर चालतं."
पानं कातरून, दोरा ओढून
तिच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात.
अंगठा टेकवला की कागदावर
नुसता जांभळा ढग.
"शाई तरी धरेल का या बोटाला?"
"नखावर लावतात, मावशी," इरण्णा म्हणाला,
"नखाला कुठं असतात रेषा."

रात्रपाळी करून आलेला श्रीनिवास
कानात अजून माग चालू असल्यासारखा ओरडून बोलतो.
जन्मतारीख, कागदावर एक जानेवारी.
आई म्हणते, छे,
गड्डा भरला होता, मौत का कुआँची फटफटी ऐकू येत होती,
तेव्हा कळा सुरू झाल्या.
अर्ध्या गल्लीचा वाढदिवस एक जानेवारीला आहे.
आम्ही कागदाचं ऐकलं.

इरण्णानं चपलांच्या खोक्याचं यंत्र केलंय,
पोराच्या खेळण्यातला भोंगा बसवून.
खरी चिन्हं नकोत, म्हणून तस्लीमनं चित्रं काढली:
चादर, शेंगा, भाकरी, नळ.
सगळी गल्ली नळ दाबते.
विरोधात एक शेंबडं पोरगं, शेंगांना.

"कुठल्या पक्षाचे तुम्ही?" दर तिसऱ्या दारात विचारतात.
मी म्हणतो, व्याकरणाच्या.
कुणी हसत नाही. पाणी मात्र देतात,
पाण्याचाच दिवस असतो ना.

मार्च संपत आला. अकराला रस्ता तापतो,
डांबर चपलेला धरून ठेवतं.
उरलेले अर्ज वाचनालयाच्या ओट्यावर भरतो.
काल तस्लीमनं एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला,
काही बोलली नाही.
नाव वगळण्याचा.
अनुक्रमांक सहाशे चार.

तीन वर्षं झाली. सगळ्यांच्या चुका काढल्या,
ही ओळ दर वेळी पट्टीखाली झाकून पुढे गेलो.
इंदुमती. यादीत दू दीर्घ.
"जगाचे ऱ्हस्व-दीर्घ दिसतात तुम्हाला,
नवी साडी दिसत नाही," म्हणायची.

मी दु ऱ्हस्व लिहायला घेतला.
"काका, यादीत आहे तसंच लिहा,
नाहीतर जुळणार नाही."
पोरीचं बरोबर होतं.
आयुष्यात पहिल्यांदा
समजून-उमजून चूक लिहिली,
स्वच्छ अक्षरात, आणि खाली सही केली.
ओटा तापला होता. पलीकडे कुणीतरी
खोक्याचा भोंगा वाजवून बघत होतं.

आज नवीनच कळलंय,
मतदानाच्या दिवशी आमच्याकडे पाणी आहे,
सकाळी सात ते अकरा.
"बायका नळ सोडून येतील होय?" बालमणी विचारते.
तस्लीम म्हणते, वेळ बदलून मागू,
अर्ज लिहा, काका.

प्रति, मा. आयुक्त,
महानगरपालिका, सोलापूर.
विषय.
विषयापुढे पेन थांबलंय.
चौघीजणी एकदम सांगतायत काय लिहायचं ते,
तीन भाषांत.