हात आखडता

मागच्या ऑक्टोबरात कंपनीनं हिशेब केला :
एका बोटीवर दोन वादक म्हणजे चैन.
माझ्या कीबोर्डात एकशे अठ्ठावीस वाद्यं,
सत्ताविसाव्या क्रमांकावर जॅझ गिटार.
रोमुआल्डला खाली गाड्यांच्या डेकवर पाठवलं.
पिवळं जाकीट दिलं, शिट्टी दिली.

तेव्हापासून ग्दिनियाहून रात्री नऊला निघताना
तो खाली ट्रक रांगेत लावतो
आणि मी वर, सातव्या मजल्यावर,
त्याचा नंबर दाबते.

काय सांगू कशी वाजायची ती!
दंतवैद्याकडे ताटकळत बसलं की
भिंतीतून झिरपते तशी गिटार,
जन्मात कुणी हात न लावलेली.
ट्रकवाले मान खाली घालून सूप ओरपायचे.
त्यांना काय फरक पडणार.
मला पडायचा.

आधी तिची चकाकी कापली,
खणखणीत टोकं सगळी बोथट केली.
घुमारा अर्ध्यावर आणला.
कार्ल्सक्रोनाच्या जुन्या बाजारातून
पडदा जरासा फाटलेला एक स्पीकर आणला, घासाघीस करून.
तरी ती लोकरीत गुंडाळलेली पेटीच.

जानेवारीत एकदा मध्यरात्र उलटल्यावर तो वर आला.
अंगाला डिझेलचा वास, हातमोजे काखेत.
उभ्यानंच एक चीज पुरती ऐकली, मग म्हणाला,
"बोग्ना, तुझी गिटार फार श्रीमंत आहे.
हात आखडता घे."

म्हणजे?

"दहा बोटं लावतेस. तिला तारा सहा.
त्यातल्या चारच छेडायच्या, बाकीच्या दाबून गप्प ठेवायच्या.
मुठीत मावेल तेवढंच."
बुटाच्या टोकानं त्यानं माझ्या पायाखालचं पेडल
पार भिंतीपर्यंत सरकवलं.
"त्याच तारेवर नवा सूर आला की जुना मरतो.
मरू दे.
आणि चारही एकदम नकोत. अंगठा जाड तारेवरून
बारीक तारेकडे जातो, वाटेत वेळ लागतोच.
केसभर. जास्त नाही, भिकाऱ्यासारखं वाटेल.
लांबच्या सुराकडे जाताना थांब.
मला हात उचलून न्यावा लागायचा. तेवढी सवड दे."
कुणाला?
"हाताला."
इतक्यात वॉकीटॉकी खरखरली :
कुठल्याशा ट्रकची साखळी सैल झाली होती.

मी करंगळ्यांना चिकटपट्टी लावली.
दोन महिने दिवसा केबिनमध्ये, हेडफोन घालून,
काय वाजवायचं नाही ते शिकत बसले.
डाव्या हाताला फारसं काम उरलं नाही,
म्हणून त्याला चाकावर ठेवलं :
सूर अर्ध्या पायरीखालून ओढत आणायचा,
रोमुआल्ड आणायचा तसा,
जिन्यात दम लागल्यासारखा.

मार्चमध्ये समुद्र खवळला होता.
टेबलांवरची मिठाची भांडी घसरत होती.
मी चार सुरांचा एक गुच्छ टाकला, खालून वर, केसभर सांडत,
मग थांबले. त्याचा हात जाऊ दिला.
आणि एका ट्रकवाल्याचा चमचा वाटेतच थांबला.
त्यानं वर पाहिलं.
माझ्याकडे नाही,
माझ्या डावीकडे,
जिथे पूर्वी खुर्ची असायची.

त्या रात्री आनंदानं झोप आली नाही
आणि पहाटे धसक्यानं :
कंपनीच्या कानावर गेलं तर म्हणतील,
बघा, जमतंय की एकटीला.

म्हणून महिन्यातून एकदा,
व्यवस्थापक नुनबेर्ग साहेब बोटीवर असले
की मी पट्ट्या सोडते, पेडल पायाखाली घेते,
घुमारा चढवते पार वरपर्यंत,
दहाच्या दहा बोटं मोकळी सोडते कळफलकावर.
साहेब वाइनचा पेला खाली ठेवतात,
कपाळाला आठ्या पडतात.
"हे काही गिटारसारखं वाटत नाही," म्हणतात.

नाही ना, मी म्हणते.
मी तरी काय करू, साहेब.
सहाच तारा असतात तिला.