सूत वाळवायचं मैदान

अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या रंगखात्यामागे,
जिथे आम्ही ओल्या सुताच्या लडी बांबूवर टांगायचो
तिथे आता निळा चौकोन रंगवलाय.
मध्ये जाळी, जाळीच्या दोन्ही अंगांना सात फुटांचं किचन.
त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही.
हिरेमठ मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"बरं झालं बाई, एका तरी किचनबाहेर राहायची सक्ती आहे."

चेंडू प्लॅस्टिकचा, चाळीस भोकांचा,
वाऱ्याचा घरजावई.

पण मला वारा ठाऊक आहे.
एकतीस वर्षं लाल लडी एका टोकाला, पांढऱ्या दुसऱ्या टोकाला
त्याच्याच अंदाजाने टांगल्यात,
हिचा थेंब तिच्यावर उडू नये म्हणून.
आषाढात तो पश्चिमेकडून येतो,
ढग आणतो, पाऊस आणतोच असं नाही.
तेव्हा मी सर्व्हिस रेषेच्या हातभर बाहेर सोडतो
आणि चेंडू निमूट आत येतो.
इक्बाल बागवान बॅट टेकवून उभा राहतो,
"ये चीटिंग है, मास्तर."

लेहहून पुतण्याचा फोन:
"काका, इथे हवा विरळ. हलका मारला तरी मागच्या रेषेपलीकडे,
चार पॉइंटांत छाती धपापते,
आणि ऑक्टोबरनंतर कोर्टच दिसत नाही."
मी म्हटलं, तुम्हाला बर्फ कोंडतो, आम्हाला ऊन.
आमच्याकडे मार्चपासून पावणेसहा ते सात.
सव्वासातला बुटाचा तळ रंगाला चिकटतो,
सुटताना चर्र करतो.
चेंडूही मऊ पडतो,
जेवून लवंडलेल्या माणसासारखा उठायचा कंटाळा करतो.

गड्ड्याच्या दिवसांत मात्र तोच चेंडू
कडक भाकरी. पहाटे जोरात मारला की तडकतो.
लक्ष्मय्या गुर्रम, माझा पार्टनर,
भेग कुणाला दिसायच्या आधीच म्हणतो, "गेला."
आठ मागांवर एकट्याने पाळ्या काढलेला माणूस.
त्या खडखडाटात एक धागा तुटलेला
त्याच्या कानाला कळायचा, डोळ्याला नंतर.
आता उजव्या कानात मशीन आहे, खेळताना काढून खिशात ठेवतो.

यंदा मे महिन्यात आम्ही रात्री खेळायचं ठरवलं.
दोन दिवे, दिव्यांभोवती किडे,
फरशी दहा वाजताही दुपारची गरम.
दहा-नऊ. मॅडमनी उंच लॉब मारला,
चेंडू दिव्याच्या वर गेला
आणि लाइट गेली.

सगळं अक्कलकोट रोड एकदम गप्प.
कुठे पंखा नाही, माग नाही, पाण्याची मोटर नाही.
चौघे जण चार कोपऱ्यांत,
माना वर.
वारा नव्हता. मी तरी गालावर शोधला, सवयीने.

टक.

"आऊट!" इक्बालच्या आधी मॅडमच ओरडल्या,
स्वतःच्याच चेंडूवर.
"नाही," अंधारातून लक्ष्मय्या म्हणाला,
"रेषेवर पडला. रंगाचा आवाज वेगळा असतो."

मग आम्ही तिथेच बसलो, गरम फरशीवर,
लाइट यायची वाट न बघता.
पॉइंट त्यांना दिला.