सुनावणीचा अधिकार

कलम शहात्तर मला पाठ आहे, वकील नसूनही.
चाळीस वर्षं कोर्टाच्या आवारात लिंबाखाली
आधी टाइपरायटर, आता लेकीचा जुना लॅपटॉप.
माझा कायदा बोटांतून वर चढलेला.

महान्यायवादी म्हणजे सरकारचा पहिला वकील.
संसदेत बोलू शकतो, मत देऊ शकत नाही.
राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर पद.
आणि भारतातल्या सर्व न्यायालयांत
त्याला सुनावणीचा अधिकार.

सर्व. म्हणजे आमचंही,
जिथला पंखा वारा कमी
आणि तारखाच जास्त देतो.

हे मी नागमणी चिट्याल यांना सांगितलं
मे महिन्यात, त्रेचाळीस अंशांत.
चार दिवसांनी नळ येणार होता, त्या घाईत होत्या.

पन्नास वर्षं, दिवसाला हजार विड्या.
पान कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून
बोटांवरच्या रेषा कधी गेल्या त्यांना कळलं नाही.
यंत्राला कळलं.
अंगठा जुळत नाही, यंत्र म्हणालं.
यंत्र म्हणतंय, बँक म्हणाली.
पेन्शन थांबलं.
हायकोर्टात बाई जिंकल्या,
तेव्हा सरकार दिल्लीला गेलं.

कागदावर सरकारतर्फे नाव नव्हतं, नुसतं पद.
"काय म्हणायलाय तो?"
मी म्हणालो, तुम्ही तुम्हीच आहात
हे सिद्ध झालेलं नाही, असं म्हणतोय.
बाई हसल्या. गल्लीत ऐकू जाईल इतक्या.
"मग बोलवा की त्याला इकडं.
हक्क हाय म्हणलासा न्हवं?"

तेव्हापासून मी त्याला बऱ्याचदा सोलापुरात आणतो.
रात्रीच्या सिद्धेश्वरनं उतरतो,
काळा कोट हातावर घडी घालून.
रिक्षावाला दुप्पट सांगतो, तो देऊन टाकतो
(घासाघीस करायचा अधिकार कलमात दिलेला नाही).
मी त्याला कोर्टात नेत नाही.
साखर पेठेच्या मागे, मागाच्या खडखडाटातून,
बाईंच्या उंबऱ्याशी नेतो.
त्या सूप मांडीवर घेऊन बसलेल्या.
तो बोलायला तोंड उघडतो
आणि माग इतका जोरात चालू असतो
की देशातल्या सर्व न्यायालयांत ज्याचं ऐकावं लागतं
त्याचं इथे कुणालाच ऐकू येत नाही.

तो आला नाही, अर्थात.

ऑगस्टात आदेश आला, दीड ओळीचा.
महान्यायवादी यांनी निवेदन केले की
हे अपील चालवणे त्यांना उचित वाटत नाही.
अपील मागे घेतल्याने निकाली.

मी वाचून दाखवलं. बाई एका शब्दाशी अडल्या.
त्यांच्या तेलुगूत निवेदन म्हणजे
देवापुढे ठेवलेला नैवेद्य.
"काय ठेवलं त्यानं?"
मी जरा वेळ घेतला.
आपल्याच सरकारची चूक, म्हणालो.

पंचविसाची जुडी बांधून होईपर्यंत त्या गप्प होत्या.
मग दोरा दातानं तोडत म्हणाल्या,
"सरकारनं बोलवलं की पुन्हा तिथंच उभं राहायचं त्याला.
त्या दिवशी घरी जेवण गेलं का हो त्याला?"

मला माहीत नाही, मी म्हणालो.
मला खरंच माहीत नाही.
चाळीस वर्षांत सरकारी वकिलाच्या जेवणाची
चौकशी करणारी फिर्यादी मी दुसरी पाहिलेली नाही.

पावतीवर त्यांनी अंगठा दाबला.
रेघ नाही, वळण नाही, निळा गोळा,
कुणाचाही असू शकेल असा.
शेजारी मी लिहिलं, नागमणी चिट्याल यांची निशाणी,
आणि ओळखतो म्हणून खाली माझी सही.

शाई पुसायला त्यांनी कागद मागितला.
मी अपिलाची झेरॉक्स दिली.