एक जून

मरोळच्या ऑफिसात मी खोटी माणसं बनवते.
लायब्ररीला आकडा सांगायचा,
दोनशे ग्राहक हजर:
नाव, पिनकोड, जन्मतारीख;
एखाद्याचं आडनाव मुद्दाम नुसता ठिपका,
ॲप कुठं अडखळतं ते बघायला.

काल खऱ्या यादीवरच लाल शेरा.
एक जूनचे फार. डेटा बनावट.
‘कॉपी-पेस्ट,’ शेजारचा जोकिम म्हणाला.

भिकाजीमामा एक जून.
दोन्ही मावश्या एक जून, आणि आई.
गुरुजींनी डोक्यावरून हात घ्यायला लावला,
बोटं पलीकडच्या कानाला टेकली:
पास.
दाखल्यावर तारीख पडली.

मी चाचणीत एक ओळ वाढवली.
जोकिमनं विचारलं, ही सूट कशासाठी?
म्हटलं, डावा कान पकड.
उजव्या हातानं.
असा नाही, डोक्यावरून.