सात नंबरचा माग

आज माग बंद.
अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये एवढी शांतता
की कान गेले की काय, असं वाटावं.

चटईवर तो उताणा. रबरी छाती, पाय नाहीत,
गुलाबी रंग गालांवरून उडालेला.
कांडीवाल्या बाया पदर तोंडाशी धरून हसतायत.
सत्तम्मा म्हणते, "मालकापेक्षा गोरा हाय की ओ!"

सिव्हिलच्या शमशाद बागवान सिस्टर
त्याच्याकडे बघतच नाहीत. विचारतात,
"मेन स्विच कुठंय?"

आम्ही तेवीस जण. कुणी बारा वर्षं इथं, कुणी वीस.
तेवीस बोटं उठली,
चार भिंतींकडे.
शेवटी सापडला टॉवेलच्या गठ्ठ्यांमागं,
वर गेल्या वर्षीचं कॅलेंडर.
सिस्टर मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाल्या,
"एक मिनिट चाळीस सेकंद.
माणूस अजून तारेलाच चिकटलेला आहे."

मग कुणी हसलं नाही.

"हात लावायचा नाही. सख्खा भाऊ असला तरी.
आधी वीज तोडा. नाहीच जमलं तर कोरडी काठी, कोरड्या जागेवर उभं राहून.
बाहेरची मोठी लाइन असेल तर काठीही नको,
लांब थांबा, वीज बंद होईपर्यंत."

मल्लेशम बोल्ली माझा भाऊ नव्हता.
शेजारच्या मागावर होता, एवढंच.
चार उन्हाळ्यांमागं, घामाचा हात, मोटरची उघडी तार.
फेकला गेला तो, भिमांच्या ढिगावर.
आम्ही तळपाय चोळले, कांदा फोडून हुंगवला.
माती वीज ओढून घेते, म्हणालं कुणी,
म्हणून मागच्या अंगणात गळ्यापर्यंत पुरला.
फावडं मी आणलं.

"पुरल्यावर छाती दाबणार कशी?"
सिस्टर सगळ्यांना म्हणाल्या.
मी चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिलो.

खांदा थापटा, हाक मारा, श्वास बघा.
'कुणीतरी फोन करा' म्हणायचं नाही,
नाव घेऊन सांगायचं: गजानन, तू एकशे आठला लाव.

माझी पाळी आली.
गुडघे टेकले. तळहाताची टाच छातीच्या मधोमध,
कोपरं ताठ. दोन इंच खाली, मग पूर्ण वर येऊ द्यायची.
"मिनिटाला शंभर ते एकशेवीस."
पोरं चुकत होती, कुणी रेंगाळत, कुणी घाईत.
मी मोजलंच नाही.
सात नंबरचा माग मिनिटाला एकशे दहा ठोके मारतो,
धोटा जातो, फणी येते,
तीस वर्षं तो माझ्या हाडांत चालतोय.
"काका, कुठं शिकलात?"
"इथंच."

त्या दिवशीही तो चालूच होता.
बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.
मी फावड्याकडं धावत होतो
आणि माझ्या पाठीशी
एकशे दहा, एकशे दहा,
तो सांगत होता.

तीस वेळा दाबा, दोन श्वास.
रबरी छाती फुगली तशा बाया गप्प झाल्या.
"परत येईलच असं नाही," सिस्टर म्हणाल्या,
"पण गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.
दमलात की दुसऱ्यानं घ्यायचं, पाळी बदलता तसं.
आणि उठून बसला, चहा मागू लागला,
तरी दवाखान्यात न्यायचाच.
वीज आत काय जाळते ते वरून दिसत नाही."

चहा झाला. त्याची घडी घालून त्याला पिशवीत भरला.
"ह्याला नाव काय ओ?" सत्तम्मानं विचारलं.
"नाव नाही ठेवलेलं."
माझ्या ओठांवर एक आलं होतं. गिळलं.

सगळे गेल्यावर गठ्ठे ओढून बाजूला केले.
मालक दारातून, "अन् उद्याचा माल कुठं ठेवायचा?"
"इथं सोडून कुठंबी."
कॅलेंडर काढलं.
खिळा तसाच ठेवला,
त्याला कोरडी काठी अडकवली.