दोनदा रविवार

ऑक्लंड ते सांतियागो :
साडेनऊ हजार किलोमीटरच्या वर, अकरा तास.
रविवारी संध्याकाळी सहाला निघालेली हिमेना
रविवारीच दुपारी एकला उतरते.
मधली अख्खी रात्र समुद्रावर कुठेशी सांडली,
वार तेवढा परत मिळाला.

फोन आला होता तीनला.
म्हणजे इथल्या भिंतीवरच्या घड्याळात
तो अजून यायचाय.
दोन तास आहेत.

कस्टमवाल्यानं बॅगेतली मधाची बरणी बाजूला ठेवली.
‘आत नेता येत नाही.’
बाबांनीच मागवला होता, खोकल्यावर.
ती भांडली नाही.

काचेचं दार सरकलं.
पलीकडे आन्सेल्मो, काळ्या शर्टात.
नवाकोरा. घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या,
कॉलरला किमतीची चिठ्ठी लोंबत होती.

हात उंचावून
तिनं आधी ती तोडली.