भरती, रात्री एक चाळीस

शेडच्या दारावर पास्कू रोज खडूने भरतीची वेळ लिहितो.
त्याखाली, गेल्या आठवड्यापासून,
वाऱ्याची दिशा.
ती मीच लिहायला लावली.

धुळवड सरली. गोराईच्या खाडीत सकाळचं पाणी
अजून घोट्यांना गार लागतं,
कुरव परतीच्या तयारीने जाडजूड झालेत,
आणि मी बसते लाइफजॅकेटं धूत.
चाळीस जॅकेटं, चाळीस जणांचा घाम.
एकाच्या खिशात चिंचोका, एकाच्या खिशात चिठ्ठी:
दूध, साबण, आईला फोन.

पिवळी कयाक तळाला चिरलीय.
रेझिनची पट्टी मारून उन्हात उलटी टाकली
तर दुपारपर्यंत तिच्या पाठीवर राख.
बोट फिरवलं की रेघ उमटते.

कांदिवलीच्या तिघी आल्या होत्या.
डोंगराकडे हात करून म्हणाल्या, काय फुललंय ते लाल!
मी म्हटलं, कुसुंब आहे. फुलं नव्हेत, कोवळी पानं.
त्यांनी फोटो काढला, मलाही पाठवला.
कुसुंबामागे एक करडी दोरी उभी होती,
सरळ, वर कोणीतरी धरून ठेवल्यासारखी.
हे मी फोटोतच पाहिलं. समोर असताना नाही.

रविवारची सहा बुकिंगं रद्द.
धूर आहे का हो तिकडे?
आहे.
खोकला येईल?
मला येतो, तुमचं कसं सांगू.
पैसे परत. पास्कू म्हणतो,
अशी उत्तरं देत बसलीस तर आपण पण परत.

नवशी वांगड आमच्याकडे वल्ही मोजते, होड्या विसळते,
आणि संध्याकाळी पाड्यावर जाताना
आमच्या नळाचे दोन कॅन भरून नेते.
त्या रात्री अकराला ती रिकाम्या हाताने आली.
गवत पेटलंय. बंबाची गाडी खालच्या वळणावर अडकली.
खाडीकडनं जवळ पडतं, ती म्हणाली.
जवळ पडतं हे आम्हालाही माहीत होतं.
पास्कूने बॅटरी दारावर मारली: एक चाळीस.
तोवर मांडीभर चिखल.

मग आम्ही तासभर
पाण्याची वाट पाहिली.
समोर डोंगराची कड एका बाजूने उसवत होती
आणि पाणी आपल्या चालीने येत होतं,
खेकड्यांची बिळं एकेक करून भरत,
कुठलीही घाई नसलेलं.
मी आयुष्यात पाण्याला एवढ्या शिव्या दिल्या नव्हत्या.
नवशी मात्र कॅन भरत राहिली.
भरलेल्या कॅनला जॅकेट चढवायचं, बकल लावायचा,
माणसाच्या जागी बसवायचा.

चौदा कयाक निघाल्या. पुढे वल्हवणारा, मागे कॅन.
चांदण्यात मागे वळून पाहिलं तर
नारिंगी जॅकेट घातलेली, मान नसलेली
चौदा शहाणी माणसं.

वरचं काय सांगू. ओल्या गोण्या,
हाताच्या केसांचा जळका वास,
एक म्हातारबा सारखा म्हणत होता, काजू राहू द्या, कुडाकडे पाहा.
चार घरं वाचली, पाचव्याचं नुसतं छप्पर गेलं.
काजूची तेरा झाडं. मी मोजली नाहीत, त्याने मोजली.

पहाटे खाली उतरलो तर खाडी निघून गेलेली.
होड्या चिखलात तिरक्या, आम्ही काठावर काळे.
दुपारच्या भरतीपर्यंत तिथेच बसलो.
नवशीच्या भावाने करवंदं आणली, अजून हिरवी, दात आंबवणारी.
इकडे शेडला कुलूप बघून
आठची एकमेव पार्टी परत गेली.

नोंदवहीत लिहिलं:
कयाक चौदा. गेल्या चौदा, आल्या चौदा.
पिवळीची पट्टी सुटली. वल्ही दोन, टोकं जळालेली.
भाड्याच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकवून ठेवलं.
तिथे आता एक निळा ठिपका आहे.

एक जॅकेट तिसऱ्यांदा धुतलं. वास जात नाही.
गिऱ्हाइकाला देता येत नाही.
पास्कू म्हणाला, टाक.
मी ते एका भरलेल्या कॅनला चढवून
दाराशी ठेवलंय,
बकल लावून.